सैतानाची नखं आणि आप्पांचं नख

आमच्या शाळेच्या बसवर समोर इंग्रजीत दोन शब्द होते, स्वराज आणि माझदा. कोल्हापुरातली नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. स्वराज कळायचं, ते इतिहासाच्या पुस्तकातलं, पण माझदा म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं आणि मला आपलं उगाच वाटायचं की त्या नावात 'माझं' आहे म्हणजे ही बस थोडीफार माझी आहे. ड्रायव्हरकाकांना एकदा विचारलं तर म्हणाले, "जपानची कंपनी हाय बाळा, तिकडचं इंजिन." बास, तेवढ्यावर माझं समाधान झालं आणि पुढची दहा-बारा वर्षं माझदा म्हणजे बस, एवढंच डोक्यात राहिलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये बोरिंग मशीनवर होते. इंजिनाचे ब्लॉक आणि लायनर यायचे, त्यांना आतून बोर मारायचा, होनिंग करायचं आणि पुढे पाठवायचं. सुट्टीच्या दिवशी मी डबा घेऊन जायचो तेव्हा बघायचो, जॉब मशीनवरून उतरला की गेज लावायच्या आधी आप्पा उजव्या अंगठ्याचं नख आतून फिरवायचे, हळू, कान देऊन. ते नख त्यांनी मुद्दाम थोडं वाढवलेलं असायचं, आई त्यावरून बोलायची. मला म्हणायचे, "साईज बघायला गेज लागतं, चॅटर बघायला नख पुरतं." चॅटर म्हणजे टूल कापता कापता थरथरायला लागलं की पृष्ठभागावर बारीक लाटा उठतात ना, त्या. डोळ्याला कधी कधी दिसत पण नाहीत, पण नखाला लागतात, टरटर करतात.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की पुढे मी पण याच धंद्यात आलो, पुण्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी बघतो, आणि एका रात्री माझदाच्या रोटरी, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या पिस्टनऐवजी गरगर फिरणाऱ्या भागावर चालणाऱ्या, इंजिनाबद्दल वाचताना मला कळलं की ज्या एका दोषाने त्या लोकांची झोप उडवली होती तो हाच, चॅटर. आणि माझदाच्या हिरोशिमातल्या त्या इंजिनिअरांनी त्याला नाव ठेवलं होतं 'सैतानाच्या नखांचे ओरखडे'. मी उठून बसलो. तेव्हापासून ही कंपनी माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी कामासाठी ओसाकाला जाणं झालं तेव्हा एक दिवस सुट्टी जोडून घेतली, माझदाच्या म्युझियमचं बुकिंग आधीच करून ठेवलं होतं, आणि पहाटेच्या शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, हिरोशिमा गाठलं, दीड तासाचा प्रवास. म्युझियमची वेळ दुपारची होती. सकाळी शांती उद्यानात गेलो. त्या जागेबद्दल मी इथे लिहिणार नाही, मला ते झेपणार नाही. पण तिथून ट्राम पकडून मी हिजियामा नावाच्या टेकडीवर गेलो, त्याबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे, कारण ती टेकडी नसती तर माझदा नसती.

हिजियामा साधारण ७० मीटर उंच आहे, आपली पुण्याची पर्वती आहे तेवढीच समजा, किंचित बुटकी. हिरोशिमा शहर नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात सपाट पसरलंय, आणि त्या सपाटीत पूर्वेच्या बाजूला ही टेकडी मध्येच उभी. टेकडीच्या पश्चिमेला शहराचा मध्य, जिथे ६ ऑगस्ट १९४५ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब फुटला, आणि पूर्वेला, स्फोटाच्या जागेपासून साधारण ५ किलोमीटरवर, तोयो कोग्यो नावाच्या कंपनीचा कारखाना. तोयो कोग्यो म्हणजेच आजची माझदा. स्फोटाचा मुख्य दणका टेकडीने अडवला. काचा फुटल्या, छपरं उडाली, पण कारखाना उभा राहिला. कारखाना राहिला म्हणून माणसं राहिली असं नाही हां, त्या सकाळी शहरात कामाला गेलेले कंपनीचे शंभराच्या वर कामगार गेले.

कंपनीचे मालक जुजिरो मात्सुदा. १८७५चा जन्म, तारीख ६ ऑगस्ट, म्हणजे त्या दिवशी त्यांना बरोबर ७० वर्षं पूर्ण होत होती. सकाळी शहरात जाऊन केस कापून घेतले आणि गाडीतून कारखान्याकडे निघाले, टेकडीजवळ पोचले होते तेव्हा स्फोट झाला. ते वाचले. त्यांचा धाकटा मुलगा सोया गेला. वाढदिवसाला सकाळी सकाळी केस कापायला जाणारा म्हातारा माणूस, हे इतकं घरगुती आहे की मी त्या टेकडीवर उभा राहून बराच वेळ त्याच एका गोष्टीचा विचार करत होतो.

पुढे काय झालं तर शहरात सरकार चालवायला इमारतच उरली नव्हती, म्हणून हिरोशिमा प्रांताचं प्रशासन काही काळ या कंपनीच्या इमारतीत हललं. कंपनीच्या दवाखान्यात जखमींवर उपचार झाले. आणि डिसेंबर १९४५मध्ये, म्हणजे जेमतेम ४ महिन्यांनी, कारखान्यातून परत तीनचाकी गाड्या बाहेर पडायला लागल्या. मूठभरच होत्या. पण जळून गेलेलं शहर परत बांधायचं तर विटा-लाकडं वाहायला काहीतरी लागणार, आणि ते वाहिलं याच तीनचाक्यांनी.

ही तीनचाकी म्हणजे काय, तर पुढे मोटरसायकलचं तोंड आणि मागे माल ठेवायचा हौदा. आपल्याकडे ज्या तीनचाकीमुळे 'टेम्पो' हा शब्दच मराठीत कायमचा मुक्कामाला आला ना, त्याच जातीचं वाहन. १९३१ साली पहिली आली, इंजिन ४८२ सीसीचं, नाव माझदा-गो. सुरुवातीला विक्री मित्सुबिशीची व्यापारी कंपनी करायची त्यामुळे टाकीवर माझदाच्या अक्षरांबरोबर मित्सुबिशीचं चिन्हपण होतं. १९३६मध्ये या तीनचाक्यांचा एक ताफा दक्षिणेच्या कागोशिमापासून तोक्योपर्यंत नेला, २,७०० किलोमीटर, २५ दिवस, तेव्हाच्या रस्त्यांवरून! जाहिरातीसाठीच केलं असणार, पण मला ती जाहिरात आवडते, कारण त्यात गाडी खरंच तेवढी चालवावी लागली.

आणि त्याच्याही आधी ही कंपनी गाड्यांची नव्हतीच, बुचांची होती. बाटलीला लावतो ते बूच. १९२० साली तोयो कॉर्क कोग्यो या नावाने सुरू झाली, एका झाडाच्या सालीपासून कॉर्क बनवायची. जुजिरो स्वतः कोळ्याचा मुलगा, लहानपणीच वडील गेलेले, चौदाव्या वर्षाच्या आसपास ओसाकाला जाऊन लोहाराकडे राबायला लागलेला. पंप बनवले, कारखाना मोठा केला, तो हातातून गेला, परत गावाकडे आला आणि १९२१मध्ये या कॉर्क कंपनीचा प्रमुख झाला. १९२५मध्ये कारखाना जळाला. दोन वर्षांनी नावातलं कॉर्क काढून टाकलं आणि यंत्रांच्या कामाकडे वळले, मशीन टूल, मग मोटरसायकल, मग तीनचाकी. लोहाराच्या हाताखाली शिकलेल्या माणसाचा जीव बुचांत किती दिवस रमणार होता?

आता नावाबद्दल, कारण माझं सगळं नावापासून सुरू झालं होतं. जपानीत ही कंपनी स्वतःचं नाव 'मात्सुदा' असंच लिहिते, मालकाचं आडनाव. पण रोमन अक्षरांत लिहिताना त्यांनी माझदा केलं, आणि त्याचा दुसरा आधार सांगितला अहुर मज्दा, पारशी धर्मातला ज्ञानाचा परमेश्वर. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या अग्यारीत ज्याची प्रार्थना होते तोच. आणि अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाची भाषा आणि वेदांची भाषा म्हणजे बहिणी बहिणी, तिकडचा 'अहुर' तो आपल्याकडचा 'असुर', जो ऋग्वेदात आधी सामर्थ्यवान देव या अर्थाने येतो, आणि 'मज्दा'चं नातं लागतं आपल्या 'मेधा'शी. मेधा, बुद्धी. माझ्या वर्गात दोन मेधा होत्या आणि आम्ही सगळे रोज त्याच शब्दाच्या बसने शाळेत जात होतो! हे मला पस्तिशीत कळलं, आणि लहानपणी त्या नावात काहीतरी ओळखीचं ऐकू यायचं ते अगदीच खोटं नव्हतं याचा खरोखर आनंद झाला. (अमेरिकेत विजेचे दिवेपण याच देवाच्या नावाने विकले जायचे, १९०९पासून, प्रकाशाचा देव म्हणून. पण ती वेगळी कंपनी.)

तर नाव राखणं. माझं मत असं झालंय की या कंपनीची सगळी गोष्ट या दोन शब्दांत बसते. लोक माझदाबद्दल बोलताना म्हणतात की वेगळं काहीतरी करायची खाज असलेली कंपनी, हौशी इंजिनिअरांची कंपनी. हौस होतीच. पण रोटरी इंजिन त्यांनी हौसेने घेतलं नाही, ते घेतलं कारण कंपनी दुसऱ्याच्या पोटात जाणार होती.

१९६०च्या सुमाराला जपान सरकारच्या उद्योग खात्याला वाटत होतं की देशात गाड्यांच्या कंपन्या फार झाल्या, बाहेरच्यांसाठी बाजार उघडला की या लहान कंपन्या मरतील, त्यापेक्षा आत्ताच एकत्र करून दोन-तीन मोठे गट करा. तोयो कोग्योने तेव्हा कुठे पहिली चारचाकी कार काढली होती, १९६०ची आर३६० कूपे, ३ लाख येनची, एवढीशी गाडी. हिरोशिमासारख्या तोक्योपासून लांबच्या गावातली तीनचाकीवाली कंपनी, तिला कोण विचारणार? जुजिरोंचा मुलगा त्सुनेजी मात्सुदा तेव्हा प्रमुख होता. त्याने हिशेब मांडला की आपल्याकडे असं काहीतरी पाहिजे जे दुसऱ्या कुणाकडेच नाही, मग आपल्याला गिळताना दहादा विचार करतील. आणि नेमकं तेव्हाच जर्मनीत एनएसयू नावाच्या कंपनीत फेलिक्स व्हँकेल या माणसाच्या कल्पनेवरून एक अजब इंजिन चालायला लागलं होतं. त्सुनेजी स्वतः जर्मनीला गेला, १९६१मध्ये करार केला, भरपूर पैसे मोजले.

इंजिन खरंच अजब. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, थांबतो, उलटा फिरतो, परत थांबतो, आणि त्या ये-जा करण्याचं क्रँक फिरण्यात रूपांतर करतो. व्हँकेलमध्ये पिस्टनच नाही. कमरेत जरा दाबलेल्या अंड्यासारख्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, गरगर फिरतो, त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला चिकटून, आणि त्रिकोण आणि भिंत यांच्यामधल्या जागा लहान-मोठ्या होत राहतात, त्यातच हवा-पेट्रोल आत येणं, दाबलं जाणं, पेटणं, बाहेर जाणं सगळं होतं. व्हॉल्व्ह नाहीत, धडधड नाही, छोटं, हलकं आणि इतकं गुळगुळीत चालणारं की पहिल्यांदा ऐकलं की मोटर फिरतेय असं वाटतं.

आणि गोम कुठे? त्या तीन टोकांत. प्रत्येक टोकावर एक पट्टी असते, एपेक्स सील, तिने भिंतीला सतत चिकटून गॅस अडवायचा, तापलेलं असताना, मिनिटाला हजारो फेरे घसरत. ती पट्टी थरथरायची. आणि भिंतीवर, क्रोमच्या चकचकीत मुलाम्यावर, ओळीने आडव्या लाटा उठायच्या, धुण्याच्या खडबडीत फळीसारख्या. पैसे मोजून आणलेलं तंत्रज्ञान थोड्या तासांत स्वतःलाच ओरबाडून काढायचं. जर्मन कंपनीला हा आजार माहीत होता, औषध त्यांच्याकडेपण नव्हतं.

१९६३मध्ये कंपनीने रोटरीसाठी वेगळा विभाग काढला, प्रमुख केनिची यामामोतो आणि हाताखाली तरुण पोरं, सगळे मिळून ४७. जपानात ४७ हा आकडा म्हटलं की धन्याच्या नावासाठी जीव देणाऱ्या ४७ सामुरायांची गोष्ट प्रत्येकाला आठवते, आपल्याकडे पावनखिंड म्हटल्यावर बाजीप्रभू आठवतात तसं, त्यामुळे यांनापण तेच नाव पडलं. यामामोतो हिरोशिमात वाढलेला, युद्धानंतर घरी परत आला तर धाकटी बहीण बॉम्बमध्ये गेलेली. शिकलेला इंजिनिअर असून तोयो कोग्योत लागला तो तीनचाकीचे गिअरबॉक्स जोडायच्या कामावर, जमिनीपासून. हा माणूस पुढे १९८४मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला आणि २०१७मध्ये ९५ वर्षांचा होऊन गेला.

त्या ४७ जणांनी पट्ट्या कशाकशाच्या करून पाहिल्या, अगदी प्राण्यांच्या हाडांच्यासुद्धा, असं सांगतात. वर्षानुवर्षं टेस्ट बेंचवर इंजिनं फिरत राहिली आणि ओरखडत राहिली, कंपनीतलेच लोक म्हणायला लागले की एवढा पैसा कशाला घालताय यात. शेवटी तोडगा मिळाला, तो कसा ते मी शेवटी सांगतो, त्याला कारण आहे. ३० मे १९६७ला कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची गाडी विकायला आली, ११० अश्वशक्ती, एक लिटरहून लहान इंजिनातून. दुसऱ्या वर्षी लगेच तिला जर्मनीत न्यूरबर्गरिंगला ८४ तासांच्या शर्यतीत उतरवली. ८४ तास, म्हणजे साडेतीन दिवस! दोन गाड्या होत्या, एक शेवटाकडे बंद पडली आणि एक चौथी आली.

त्याच १९६७ साली एनएसयूनेपण आपली रोटरी गाडी काढली, आरओ ८०. दिसायला आजही देखणी. पण इंजिनं वॉरंटीत परत यायला लागली, बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. ज्यांनी इंजिन शोधलं त्यांचं नाव गेलं, आणि ज्यांनी नाव राहावं म्हणून ते विकत घेतलं ते राहिले. मला यात जर्मन लोकांना कमी लेखायचं नाहीये, धाडस त्यांचं पहिलं. पण त्यांनी पट्ट्यांचा त्रास पूर्ण मिटायच्या आत गाडी विकली, हेही तेवढंच खरं.

मग माझदाचं सगळं छान झालं का, तर नाही. १९७३ला तेलाचं संकट आलं. रोटरीची ज्वलनाची जागा लांबुडकी आणि चपटी, पेट्रोल पूर्ण जळत नाही, त्यामुळे ती पितेही जास्त. अमेरिकेत सरकारी चाचणीत आकडा आला गॅलनला १० ते ११ मैल, म्हणजे लिटरला साडेचार किलोमीटरच्या आसपास, आणि पेट्रोलपंपावर रांगा लागलेल्या काळात तो आकडा छापून आला. विक्री कोसळली, गाड्या गोदामात पडून. सुमितोमो बँक मदतीला आली आणि तिची माणसं कारभारात बसली. हजारो कामगारांना कारखान्यातून उचलून शोरूममध्ये पाठवलं, जा, दारोदार फिरून गाड्या विका. ज्याने आयुष्यभर मशीन चालवली त्याने टाय बांधून लोकांच्या दारात उभं राहायचं, आप्पांना असं कुणी पाठवलं असतं तर... मला कल्पना करवत नाही. पण त्या बदल्यात माणसं घरी बसवली गेली नाहीत, शक्य तेवढी राखली. १९७७मध्ये त्सुनेजीचा मुलगा कोहेई अध्यक्षपदावरून गेला आणि मात्सुदा घराण्याच्या हातातून कंपनी सुटली. गाडीवर आडनाव तेच राहिलं, खुर्चीत आडनाव नाही.

याच वाईट काळात, १९७५ला, हिरोशिमाची बेसबॉल टीम कार्प पहिल्यांदा लीग जिंकली. टीमच्या नावात कंपनीचं नाव आहे, हिरोशिमा तोयो कार्प. बॉम्बनंतर चार-पाच वर्षांत उभी राहिलेली, पैशांची कायम चणचण असलेली टीम, जिच्यासाठी गावातल्या लोकांनी पिंपात पैसे टाकून वर्गणी जमवली होती. कंपनी बुडायच्या बेतात आणि टीम जिंकते. त्या वर्षी त्या शहरात काय वाटलं असेल हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं समजवायला नको, आमच्याकडे तालमीचा पैलवान जिंकला की पेठ नाचते.

फोर्डने १९७९मध्ये २५ टक्के हिस्सा घेतला, १९९६मध्ये ३३.४ टक्के केला आणि हेन्री वॉलेस नावाचा माणूस अध्यक्ष म्हणून पाठवला, जपानी कार कंपनीचा पहिला परदेशी प्रमुख. तेव्हा हिरोशिमात लोकांना ते लागलं असणारच, आणि तेही या शहरात. पण खरं सांगायचं तर फोर्ड नसतं तर कंपनी त्या वेळी टिकली नसती, कारण नव्वदीच्या तेजीत माझदाने एकट्या जपानात विक्रीची पाच वेगवेगळी दुकानं थाटली होती, पाच नावं, आणि तेजी फुटल्यावर सगळं अंगावर आलं. दुसऱ्याने गिळू नये म्हणून इतकं केलं आणि मग स्वतःच्याच पसाऱ्याने दार उघडून दिलं, हे मला या इतिहासातलं सगळ्यात दुखरं पान वाटतं. २००८पासून फोर्ड स्वतःच्या अडचणींमुळे हिस्सा विकत गेलं, २०१५पर्यंत पूर्ण बाहेर. आता टोयोटाचा थोडा हिस्सा आहे, ५ टक्क्यांच्या आसपास.

ल मांसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. २४ तासांची शर्यत, फ्रान्समध्ये. माझदाचे रोटरीवाले सत्तरच्या दशकापासून तिथे जात होते आणि हरून येत होते. १९९१मध्ये ७८७बी, ५५ नंबरची, केशरी-हिरवी गाडी, चार रोटरचं इंजिन, साधारण ७०० अश्वशक्ती. वायडलर, हर्बर्ट आणि गाशो हे ड्रायव्हर. पुढे मर्सिडीज होती, शेवटच्या काही तासांत ती बंद पडली आणि ५५ नंबर पुढे आली आणि पुढेच राहिली, ३६२ फेऱ्या. शेवटी गाडी जॉनी हर्बर्टकडे होती, उतरला तो चक्कर येऊन पडला, पोडियमवर जाऊच शकला नाही. जपानी कंपनीचा पहिला विजय, पुढचा यायला २०१८ उजाडलं, टोयोटाचा. आणि ऐका, त्या वर्षी या गाड्यांना इंधन मोजून मिळायचं. जे इंजिन पेट्रोल पितं म्हणून कंपनी बुडायला आली होती तेच मोजक्या पेट्रोलवर २४ तास पहिलं आलं. इंटरनेटवर सगळीकडे लिहितात की माझदा जिंकली म्हणून चिडून रोटरीवर बंदी घातली, ते तसं नाही, नियम बदलणार हे आधीच ठरलेलं होतं, पुढच्या वर्षापासून साडेतीन लिटरची पिस्टन इंजिनंच चालणार होती. म्हणजे ती शेवटची संधी आहे हे त्यांना माहीत होतं, आणि मला ही खरी गोष्ट त्या बनावट गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

बाकी एमएक्स-५ आहे, १९८९ची छोटी उघडी दोन सीटची गाडी, जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार, २०१६ला १० लाखावी बाहेर पडली. तिच्यासाठी ते 'जिंबा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एक. मी चालवलेली नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही. नावलौकिकाची दुसरी बाजूपण आहे, रोटरीची आरएक्स-८ जुनी घेणारा माणूस आजही आधी कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब नीट धरला जातोय का ते, तपासतो, सीलची धास्ती गेलेली नाही, आणि बर्फाच्या देशांत काही वर्षांच्या माझदा गंजतात अशी तक्रार फार झाली. आरएक्स-८ २०१२मध्ये बंद झाली. २०२३मध्ये एमएक्स-३० या गाडीत एक रोटर परत आला, पण चाकं फिरवायला नाही, बॅटरी चार्ज करायला.

आणि भारतात माझदाची कार कधी आलीच नाही. आली ती फक्त आमची बस. १९८३ला पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमोची व्यापारी कंपनी यांनी मिळून स्वराज माझदा काढली, कारखाना पंजाबात रोपडजवळ. तेव्हा चार जपानी कंपन्या एकदम छोट्या ट्रकांच्या धंद्यात आपल्याकडे उतरल्या होत्या, टोयोटा, निस्सान, मित्सुबिशी आणि ही, आणि मग १९८६ला पुण्याहून टाटा ४०७ आली आणि तिने सगळ्यांना पाणी पाजलं. माझदा पुढे भागीदारीतून बाहेर पडली, २०११मध्ये कंपनीचं नाव बदलून एसएमएल इसुझु झालं. नाव पुसलं गेलं तेव्हा पेपरात कुठेतरी कोपऱ्यात बातमी आली असेल, मी वाचली नव्हती.

दुपारी हिजियामावरून उतरून लोकल पकडली, हिरोशिमापासून दुसरं स्टेशन मुकाईनादा. जुजिरोंचं जन्मगाव हेच. तिथून कंपनीच्या मुख्य कचेरीत जायचं, कचेरी फुचू नावाच्या गावात आहे, चारही बाजूंनी हिरोशिमा शहर आणि मध्ये हे गाव वेगळं, शहरात न मिसळलेलं. कंपनीच्या बसने आत नेतात, म्युझियम कारखान्याच्या आवारातच आहे. तीनचाकी पाहिली, कॉस्मो पाहिली, ७८७बी पाहिली, अंगावर काटा आला, सगळं झालं. पण मी जास्तीत जास्त वेळ उभा राहिलो तो एका रोटर हाउसिंगसमोर, म्हणजे रोटर फिरतो त्या अंड्यासारख्या पोकळीच्या कवचासमोर, ज्याच्या आतल्या भिंतीवर ते ओरखडे आहेत. अगदी ओळीत, सारख्या अंतरावर. मी फोटो काढला.

गावी गेल्यावर आप्पांना दाखवला. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, काम सोडून बरीच वर्षं झाली. चष्मा लावून, फोन लांब धरून बघितला.

"चॅटर हाय की."

"हो, पण टूलचं नाही आप्पा, इंजिन चालताना पडलंय. आत एक पट्टी घासते, ती थरथरते."

"पट्टी कशाची?"

"लोखंडी. सहा-सात वर्षं लागली त्यांना हे घालवायला. तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी फार विचारपण केला नाही. "स्पीड बदलून जाईना म्हणजे पट्टीचाच सूर बदलायला पायजे. टूल थरथरलं की आम्ही काय करायचो, बाहेर कमी काढायचं नायतर वजनात फरक करायचा. एकाच सुरात गाती म्हणून लाटा उठत्यात. कुठंतरी भोक पाड तिला, आपोआप सूर बदलंल."

मी गप्पच बसलो. कारण त्या ४७ जणांनी केलं होतं ते हेच. पट्टीच्या टोकाजवळ आडवी-उभी बारीक भोकं पाडली, तिची स्वतःची कंपनं बदलली आणि भिंतीवरचे ओरखडे थांबले. नंतर विकायच्या गाडीत ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्या आल्या, तो पुढचा भाग, पण सैतानाचं नख पहिल्यांदा बोथट झालं ते भोकांनी. हे मी त्यांना सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही, म्हणाले, "मग बरोबरच हाय," आणि सवयीने उजव्या अंगठ्याचं नख फोटोतल्या ओरखड्यांवरून हळूच ओढलं, कान देऊन. त्याने फोटो सरकला आणि पुढचा आला.

"ही कुठली रं टेकडी?"